पातळ पुस्तकं, पंधरा दिवस आणि चौतीस रुपये दंड

जानेवारीत ठरवलं होतं, वर्षात 24 कवितासंग्रह वाचायचे आणि प्रत्येकावर वहीत निदान दहा ओळी लिहायच्या. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर टर्नर आहे मी. पगारात 24 पुस्तकं विकत घेणं काही जमणार नव्हतं. म्हणून टिळकवाडीतल्या एका छोट्या वाचनालयाचं सभासदत्व घेतलं. अनामत 300, महिन्याला 60 रुपये, एका वेळी दोन पुस्तकं, मुदत पंधरा दिवस. आठ महिने झाले, त्याचा हा अनुभव.

कादंबऱ्या वाचणाऱ्यांनी डोळे झाकून जावं. नवीन पुस्तकं येतात, काउंटरवरच्या बाई नीट सुचवतातही. कवितेचं कपाट मात्र दाराच्या मागं, जुन्या दिवाळी अंकांच्या खाली. वरची ट्यूब बंद. मोबाइलची बॅटरी लावून, उकिडवं बसून पुस्तकं शोधायची. पन्नाशीतल्या गुडघ्यांना हे परवडत नाही.

पण त्याच कपाटात इंदिरा संत मिळाल्या. इंदिराबाई आपल्या बेळगावच्या, इथंच शिकवायच्या, 1984 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे सगळं शाळेपासून ऐकत आलोय. वाचलं होतं फक्त पाठ्यपुस्तकातलं. संग्रहाच्या शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी बघितली तर शेवटचा शिक्का 2011 चा! त्यांच्याच गावात ही गत. आत कुणीतरी पेन्सिलीनं बारीक खुणा केलेल्या, आणि एका कवितेपाशी नुसतं ‘आई’ एवढंच लिहिलेलं. त्या पानावर मी दोन दिवस अडकलो.

माझी खरी तक्रार मुदतीची. पुस्तक ऐंशी पानांचं, म्हणून दोन रात्रींत उरकेल असा वाचनालयाचा हिशेब, आणि खरं सांगायचं तर जानेवारीत माझाही तोच होता. कविता तशी उरकत नाही ओ. सकाळी एक वाचायची, लेथवर जॉब लावला की ती डोक्यात फिरत राहते, जेवणाच्या सुट्टीत एखादी ओळ कळते, आणि घरी येऊन बघावं तर आपण ती चुकीचीच पाठ केलेली असते. इंदिराबाईंचे पती ना. मा. संत 1946 साली गेले, हे माहीत झाल्यावर तर निम्म्या कविता परत पहिल्यापासून वाचल्या. मुदतवाढ एकदाच मिळते, पुढं दिवसाला दोन रुपये. चौतीस रुपये भरले. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “काय ओ काका, एवढंसं पुस्तक, अजून संपलं नाही?”

दुसरी तक्रार. एका संग्रहातली चार पानं गायब होती. नेताना सांगितलं असतं तरी चाललं असतं.

तिसरी जरा माझ्या हट्टाची आहे. शेजारच्या मशीनवरचा कन्नड मित्र बेंद्र्यांच्या ओळी म्हणून दाखवतो. धारवाडच्या बेंद्र्यांची घरची भाषा मराठी, कविता कन्नडमध्ये, 1973 साली ज्ञानपीठ. त्यांचं मराठीत काही आहे का विचारलं, तर बाईंनी मान हलवली. सीमाभागातल्या वाचनालयात कन्नड कवितेच्या मराठी अनुवादाचा एक कप्पा असायला हरकत नसावी.

वहीचं सांगायचं तर ‘सुंदर’, ‘भावस्पर्शी’ आणि ‘हृदयाला भिडणारं’ हे शब्द मी स्वतःला बंद केलेत. पहिल्या तीन संग्रहांवर हेच लिहिलं होतं, आता वाचताना लाज वाटते. त्यापेक्षा कुठली कविता बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली आणि कुठं ती म्हणाली “अहो, हे परत वाचा की”, एवढं लिहितो.

24 पैकी 11 झालेत. बाकीचे डिसेंबरपर्यंत होतील असं वाटत नाही, आणि दंड भरत का होईना, सभासदत्व चालू ठेवणार आहे. पाचपैकी तीन तारे. कवितेसाठी जाणाऱ्यांनी संध्याकाळी सहाच्या आत जावं, तेव्हा खिडकीतून थोडा उजेड असतो. सोमवारी बंद. ट्यूब अजून बदललेली नाही.