जत्रेच्या पालात बोलणारा डबा

पैसे आले की मोठ्यानं सांगणारा तो डबा, म्हणजे साऊंडबॉक्स, घ्यावा का, असं जत्रेतल्या बायका मला सारखं विचारतात. घ्या. पण रक्कम दाखवणारी छोटी स्क्रीन असलेला घ्या, आणि दागिने विकत असाल तर आवाज कमी करायचं बटण अंधारातही बोटाला सापडलं पाहिजे, एवढी सवय आधी करा. भेळवाला, पानपट्टी, खेळणीवाला यांचं वेगळं. त्यांचा भाव ठरलेला. आमचा भाव माणूस बघून ठरतो, आणि सगळी गोम तिथंच आहे.

मी कर्नाटकातल्या निपाणीची. घरात बसून ठुशी, चिंचपेटी, बोरमाळ ओवते, गोंडे बांधते, आणि मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत जत्रा करते. चिंचलीची मायाक्का, सौंदत्तीची यल्लम्मा, मधल्या खेड्यांतल्या लक्ष्मीच्या जत्रा. माघातल्या पुनवेला चिंचली आणि सौंदत्ती एकदमच येतात, त्यामुळं दीर यल्लम्माच्या डोंगरावर पाल टाकतात आणि मी चिंचलीला बसते. दोन पालं म्हणून दोन डबे, तेही मुद्दाम वेगवेगळ्या कंपन्यांचे. नावं लिहीत नाही. खरा फरक कंपनीत कमी आणि डब्यात जास्त आहे: एक नुसता बोलतो, दुसऱ्यावर आकडाही दिसतो.

आधी त्याचा उपयोग सांगते. संध्याकाळी गर्दी उसळली की पोरं मोबाईल नाचवत ‘गेले बघा मावशी’ म्हणतात आणि हिरवी खूण दाखवतात. ती आत्ताची आहे की कुठल्यातरी जुन्या पेमेंटचा फोटो आहे, हे तपासायला माझा हात कुठं मोकळा असतो? एका हातात आरसा, दुसऱ्या हातानं गिऱ्हाइकाच्या मानेमागं ठुशीचा गोंडा वर सरकवत असते मी. खोटी हिरवी खूण दाखवणारी ॲपंसुद्धा निघालीत. डबा आल्यापासून ही भानगड मिटली. तो बोलला की माल पिशवीत. शिवाय सुट्ट्या पैशांची रडारड गेली, आणि खात्यातून खात्यात येणाऱ्या पैशावर दुकानदाराला टक्का द्यावा लागत नाही, 2020 च्या जानेवारीपासून तो आकार शून्य आहे. रात्री पालात झोपताना गल्ला उशाखाली घेऊन जागं राहायचं कामही निम्मं कमी झालं. एवढ्यासाठी पाचपैकी चार गुण लगेच देऊन टाकते.

पाचवा का नाही, ते ऐका.

एक नवी सून आणि तिची सासू पालात आल्या. सासू जोडवी बघण्यात गुंग. सुनेनं ठुशी गळ्याला लावली, आरशात बघितलं, हळू आवाजात भाव केला आणि 280 ला सौदा ठरला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘‘मावशी, आत्यांना मी दीडशे सांगणार हं.’’ मी मान हलवली. असल्या दीडशेंवरच आमचा धंदा चालतो. तिनं स्कॅन केलं, आणि डबा सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडला, ‘‘दोनशे ऐंशी रुपये प्राप्त झाले.’’ सासूनं वर बघितलं. ‘‘कशाचं गं दोनशे ऐंशी?’’ पोरगी माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मी म्हटलं, ‘‘ठुशी आणि जोडवी मिळून ओ.’’ झालं, एक जोडव्यांचा जोड माझ्याकडनं फुकट गेला. जाताना पोरगी हळूच म्हणाली, ‘‘त्याला जरा गप करा की ओ.’’

हे झालं हसण्यावारी. धंद्याला खरा मार बसतो तो दुसरीकडं. माझ्याकडं दिसायला अगदी सारख्या दोन ठुशी असतात. एकीच्या मण्यांवर सोन्याचं पाणी नुसतं फिरवलेलं असतं, घाम आणि अत्तर लागलं की एका सणासुदीत काळी पडते. दुसरीला थर जाड आणि वरून लॅकरचा हात असतो, जपून वापरली तर तीनचार वर्षं बघायला नको. पहिली मी सहसा 150 ते 180 ला देते, दुसरी 280 ते 350. फरक मी तोंडानं सांगते, पण पालातल्या पांढऱ्या बल्बखाली तो डोळ्यांना दिसत नाही. डब्यानं ‘‘एकशे ऐंशी’’ म्हटलं की मागं उभी असलेली बाई जाड थराची ठुशी उचलते आणि म्हणते, ‘‘आत्ता तिला एकशे ऐंशीला दिलीसा की!’’ तिला थर, लॅकर समजावून सांगेपर्यंत चार गिऱ्हाइकं पुढच्या पालात गेलेली असतात. कानडी बायका तर आणखी पक्क्या. ‘एष्टरी?’, म्हणजे केवढ्याला, असं विचारतच नाहीत, डबा काय बोलतो ते शेजारच्या पालाशी उभं राहून ऐकतात आणि मग येऊन सरळ आकडा सांगतात. वर ‘कम्मी माडरी’, कमी करा, आहेच.

शिवाय सगळ्यांना एकच भाव मी कधी लावलेला नाही. उसाच्या फडातनं आलेल्या पोरीला 120 ला दिलेली ठुशी आणि चारचाकीतनं उतरलेल्या बाईला 200 ला दिलेली ठुशी एकच असते, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. डब्याला ते कुठलं कळायला! स्क्रीनवाल्या डब्यात आवाज एकदम खाली आणून नुसता आकडा बघता येतो. तो मी माझ्याकडं तोंड करून, आरशांच्या मागं ठेवते. म्हणून म्हटलं, दोनशे रुपये जास्त गेले तरी स्क्रीनवालाच घ्या.

आता चिंचलीचा भंडारा. मायाक्काच्या नावानं चांगभलं झालं की हळद अशी उधळते की संध्याकाळपर्यंत पालाचं कापड, नथींचे कागद, माझ्या पापण्या सगळं पिवळं. डब्याच्या पुढं आवाज यायला बारीक भोकं असतात, ती हळदीनं भरली की आवाज घोगरा होतो आणि ऐंशी म्हणाला की ऐंशी हजार म्हणाला कळत नाही. प्लॅस्टिकची पिशवी घातली तर आवाज आतच घुमतो. शेवटी जुन्या नायलॉन साडीचा चौकोनी तुकडा घालून मागं रबर लावलं. हळद अडते, आवाज येतो. रात्री तुकडा झटकायचा आणि भोकांवरून कोरडा दात घासायचा ब्रश फिरवायचा. ओलं फडकं लावू नका, हळद आत चिकटून बसते.

चार्जिंगची तक्रार नाही. आठवडा चालतो असं देताना सांगतात, जत्रेच्या गर्दीत तीन दिवस धरा. पुनवेच्या दिवशी मात्र मोबाईलचं नेटवर्कच मान टाकतं, आणि डब्यातही सिमकार्डच असतं. गिऱ्हाइकाचे पैसे कटतात, डबा मुका. अशा वेळी दोनशेच्या आतलं असेल तर मी सोडून देते, वर असेल तर ‘जरा बाजूला बसा’ म्हणून पाणी देते. इथं दोन डब्यांत फरक दिसला. एक डबा अडकलेले निरोप साठवतो आणि परतीच्या वाटेवर चिकोडी जवळ आली की टेम्पोत बडबडायला लागतो, ड्रायव्हर दचकतो. दुसरा ते गिळून टाकतो, पैसे आले का ते ॲपमध्येच शोधायचं. साठवणारा बरा.

भाषा ॲपमधून बदलता येते. सौंदत्तीला दीर कानडी लावतात, मी चिंचलीला मराठी. जत्रा सुरू व्हायच्या आधीच बदलून ठेवा, नंतर नेटवर्क मिळत नाही. कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कानडी पाहिजे असा कायदा 2024 मध्ये झाला. डब्याच्या बोलण्याला अजून टक्केवारी लागलेली नाही, तोवर चालू द्या.

भाड्याबद्दल मात्र राग आहे. डबा देणारा पोरगा ‘फुकट आहे आक्का’ म्हणून ठेवून गेला आणि पुढच्या महिन्यापासून खात्यातून सव्वाशे रुपये कटायला लागले. आषाढ-श्रावणात आमच्या जत्रा बंद, डबा ट्रंकेत, तरी भाडं चालूच. फोन केला की ‘तुमची तक्रार नोंदवली’. घेताना एकच गोष्ट विचारा: वापर नसलेल्या महिन्यात भाडं थांबवता येतं का? आणि उत्तर मेसेजवर लिहून घ्या, तोंडी नको.

अजून एक भीती निस्तरून टाकते. 2025 च्या जुलैत यूपीआयवर जमा झालेली रक्कम बघून कर्नाटकातल्या छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. बेंगळुरात लोकांनी ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या, आणि तो घोर आमच्या जत्रांपर्यंत पोचला. शेजारच्या पालातल्या काकांनी स्कॅनरच फाडून टाकला. अहो, माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला 40 लाख रुपयांची आहे. म्हणजे रोज जवळजवळ अकरा हजार, वर्षाचे बाराही महिने. दीडशेच्या ठुशीनं तेवढं करायचं तर रोज सत्तरवर ठुशी विकाव्या लागतील, भर पावसातसुद्धा. माझी बोटं तेवढं ओवायला तयार नाहीत. काचेच्या बांगड्यांवर तर जीएसटीच नाही, खोट्या दागिन्यांवर 3 टक्के आहे. ज्याची उलाढाल मोठी आहे त्यानं हिशेबनिसाला विचारावं, आपण पालवाल्यांनी उगाच स्कॅनर फाडू नये.

यंदा दोन्ही पालांत दागिन्यांपुढं स्क्रीनवाले डबे आहेत. नुसता बोलणारा जुना डबा दिरांनी सौंदत्तीला बांगड्यांच्या बाजूला ठेवलाय. अहेव पुनवेला, म्हणजे माघातल्या सवाष्णींच्या पुनवेला, हिरव्या बांगड्या डझनावारी, ठरल्या भावानं जातात. तिथं तो किती का ओरडेना.