नव्या लेबलाखाली जुने रबरबँड

मॉडेल विमानाचा पंख धडावर बांधण्यासाठी मी घेतलेले रबरबँड शिळे निघाले आणि तीन महिने खपून बांधलेले माझे विमान त्यामुळे हवेतच मोडले. माल शिळा असल्याचे विक्रेत्याला आधीपासून ठाऊक होते, याचा पुरावा मला त्याच्याच पाकिटावर सापडला. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

विमान वरच्या बाजूला पंख असलेले, ग्लो इंजिनावर, म्हणजे तेल मिसळलेल्या इंधनाच्या छोट्या इंजिनावर, चालणारे शिकाऊ विमान होते. पंखाची लांबी सुमारे दीड मीटर आणि एकूण वजन 2.2 किलो. अशा विमानात पंखाच्या पुढे आणि मागे धडातून आडव्या लाकडी दांड्या बाहेर काढलेल्या असतात आणि त्यांच्यावर रबरबँड ताणून पंख दाबून धरला जातो. या पद्धतीचा मोठा फायदा असा, की विमान आपटले तर पंख घसरून सुटतो आणि धक्क्याचा बराच भाग रबर सोसते. मी 64 क्रमांकाचे, म्हणजे चपटे धरल्यास 89 मिमी लांब आणि 6 मिमी रुंद असे बारा रबरबँड लावले होते. त्यांपैकी शेवटचे दोन, खालचे दांडीवरून घसरू नयेत म्हणून, एकमेकांना छेदून तिरपे बांधले होते.

छंदाचे साहित्य विकणाऱ्याकडून मी पाव किलोचे पाकीट घेतले होते. ‘शुद्ध नैसर्गिक रबर, खास विमानांसाठी’ असे त्यावर छापले होते, आणि माल ताजा आहे ना असे मी मुद्दाम विचारले तेव्हा ‘या आठवड्यातच आला आहे, निर्धास्त न्या’ असे उत्तर मिळाले. रबरबँड मऊ लागत होते, त्यांवर पांढरी पूड होती आणि मापही बरोबर होते. एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकायला हवी होती: याच मापाच्या आधीच्या पाव किलोच्या पाकिटापेक्षा या पाकिटातले नग बरेच कमी होते.

पहिली दोन उड्डाणे नीट झाली. तिसऱ्या वेळी उतरत्या झेपेतून विमान वर खेचताच पंख सुटला आणि पानासारखा गिरक्या घेत खाली आला. इंजिनासह धड मात्र सरळ जमिनीत घुसले, तेही उभ्या असलेल्या माणसांपासून फार दूर नव्हे. कोणाला इजा झाली नाही, पण ते दृश्य आठवले की आजही अंगावर काटा येतो. झेपेतून वर येताना वजनाच्या चौपट भार सहज पडतो. पंख वगळता माझ्या विमानाचे वजन 1.7 किलो होते, म्हणजे त्या क्षणी रबरबँडांवर जवळजवळ सात किलोंची ओढ होती. एक-दोन रबरबँड तुटून पंखाची पुढची कड जराशी उचलली गेली, की हवेशी त्याचा कोन वाढतो, उचल आणखी वाढते आणि उरलेल्यांना ती पेलत नाही.

मी तक्रार केली तेव्हा विक्रेत्याने सारा दोष इंजिनातून उडणाऱ्या तेलावर टाकला. तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि कमकुवत होते, हे खरेच आहे. त्यामुळेच वापरलेले रबरबँड धुऊन, टाल्कम पूड लावून ठेवतात. परंतु घरी पाकिटात उरलेल्या, तेलाचा थेंबही न लागलेल्या रबरबँडांवरची पूड पुसून मी ते ताणले, तेव्हा त्यांवरही ताणाच्या दिशेला आडव्या अशा बारीक चिरा उघडल्या. घडीच्या जागी तर त्या भिंगाशिवायही दिसत होत्या. हवेतला ओझोन ताणलेल्या किंवा दुमडलेल्या नैसर्गिक रबराला नेमक्या अशाच चिरा पाडतो. पूड लावणे ही वाईट खूण नाही, चांगल्या मालावरही ती असते. इथे मात्र तिच्याखाली चिरा झाकल्या गेल्या होत्या.

मग मी पाकीट नीट पाहिले. नवे लेबल जुन्यावर डकवलेले होते. ते वाफेवर धरून सोडवले असता खाली छापलेली तारीख पाच वर्षांपेक्षा जुनी निघाली. नग कमी का, याचेही उत्तर पाण्याच्या भांड्याने दिले. शुद्ध नैसर्गिक रबर पाण्यापेक्षा हलके असते आणि साबणाच्या पाण्यात बुडबुडे झटकून सोडले तरी तरंगते. हे रबरबँड तळाशी गेले. खडूच्या जातीची जड भुकटी मिसळली, की रबर स्वस्त आणि वजनदार होते, आणि वजनावर विकणाऱ्याचा दुहेरी फायदा होतो. अर्थात तरंगणारा रबरबँड जुना नसेलच असे नाही, त्यामुळे या परीक्षेने भेसळ कळते, वय कळत नाही.

वय ताणल्यावरच कळते. मी आता प्रत्येक नव्या पाकिटातले दोन रबरबँड वाया जाणार असे धरूनच चालतो. मोजपट्टीवर ठेवून तुटेपर्यंत ताणतो. चांगला रबरबँड मूळ लांबीच्या सहापट तरी जातो, माझे मात्र तिपटीच्या आसपास तुटत होते. बाकीच्यांची घडीची जागा अंगठ्यावर वाकवून उजेडात पाहतो आणि उड्डाण संपताच सारे रबरबँड काढून अंधाऱ्या बंद डब्यात ठेवतो, कारण विमानावर ताणलेले राहिले तर चांगला मालही लवकर खराब होतो. त्याऐवजी सिलिकॉनचे वापरा, असे काही जण सुचवतात. ऊन आणि ओझोन ते चांगले सोसतात, पण दांडीच्या कडेने लहानशी खाच पडली तरी तिथून ते सहज फाटतात, त्यामुळे पंखासाठी मला ते पटत नाहीत.

जुन्या तारखेचे लेबल दाखवल्यावर ‘उघडलेले पाकीट परत घेत नाही’ एवढेच विक्रेत्याने सांगितले आणि पैसे दिले नाहीत. दोन्ही लेबले मी जपून ठेवली आहेत. उरलेले रबरबँड वेगळ्या डब्यात आहेत आणि नवीन कोणी विमान बांधायला घेतले, की पूड पुसून, ताणून, त्या चिरा मी त्याला प्रत्यक्ष दाखवतो.