गेट_पोस्ट_मेटाडेटा फिल्टर: काही महिन्यांच्या वापरानंतर

वर्डप्रेसवरच्या आमच्या साइटचा सामायिक संपर्क ईमेल बदलला, आणि ज्या पोस्टवर संपादकांनी जुनाच पत्ता मुद्दाम टाइप करून ठेवला होता त्यांवरही नवा पत्ता दिसायला लागला. पोस्टमेटा टेबल (पोस्टच्या जादा फील्डच्या व्हॅल्यू इथे साठतात) उघडलं, तर त्या पोस्टसाठी ओळच नाही. ‘अपडेट’ दाबलं होतं, पत्ता दिसतही होता, पण लिहिला कधी गेलाच नव्हता.

फील्ड रिकामं असेल तर सामायिक पत्ता द्यायचा, एवढ्यासाठीच गेट_पोस्ट_मेटाडेटा हा फिल्टर, म्हणजे व्हॅल्यू वाचली जाताना मध्ये पडू देणारा हुक, आम्ही लावला होता. ते काम तो झकास करतो. कॉलबॅकने (फिल्टरला जोडलेल्या आपल्या फंक्शनने) नल, म्हणजे ‘काहीच नाही’, दिलं की वर्डप्रेस नेहमीसारखं कॅशे आणि डेटाबेसकडे जातं. दुसरं काही दिलं की तिथूनच परत फिरतं. थीमला हात लावावा लागत नाही. कॉलबॅकच्या आत तेच फील्ड वाचलं तर अनंत फेरे सुरू होतात, म्हणून आधी रिमूव्ह_फिल्टरने तो काढायचा, मग ॲड_फिल्टरने पुन्हा लावायचा. मेटा_क्वेरी (मेटा व्हॅल्यूवरून पोस्ट शोधणं) थेट डेटाबेसच्या एसक्यूएलवर चालते, तिला या फिल्टरची खबरच नसते. हे सगळं चालवून घेता येतं.

सेव्हचं मात्र मला अजूनही पटत नाही. व्हॅल्यू साठवणारं अपडेट_पोस्ट_मेटा हे फंक्शन लिहिण्याआधी जुनी व्हॅल्यू वाचतं, आणि ते वाचनही याच फिल्टरमधून जातं. आपण नियमानुसार एका व्हॅल्यूचा ॲरे (यादी) दिलेला असतो. संपादकाने नेमकी तीच व्हॅल्यू भरली की ‘बदल काहीच नाही’ असं धरून फंक्शन फॉल्स देतं आणि बाहेर पडतं. एरर लॉगमध्ये एक ओळ नाही! वाचनासाठीच्या हुकने लिहिणं का अडवावं? संपादकाने विचार करून घेतलेला निर्णय असा पुसला जाणं मला गंभीर वाटतं.

फिल्टर काढूनच टाकणार होतो. त्याआधी वर्डप्रेसच्या ५.५ आवृत्तीत आलेला डिफॉल्ट_पोस्ट_मेटाडेटा हा दुसरा फिल्टर लावून पाहिला, आणि मत बरंच निवळलं. तो ओळ नसेल तेव्हाच चालतो, आणि अपडेट_पोस्ट_मेटामधली जुन्या-नव्या व्हॅल्यूची तुलना त्याच्या वाटेने जातच नाही. पत्ता लिहिला जातो. फेऱ्यांची भीतीही गेली. पण इथे एकच व्हॅल्यू मागितली असेल तर ती ॲरेत न गुंडाळता द्यायची, जुन्या फिल्टरच्या बरोबर उलट. आणि फील्ड पुसून सेव्ह केल्यावर रिकामी ओळ उरली असेल तर तीही ‘व्हॅल्यू आहे’ अशीच धरली जाते. डिफॉल्ट येत नाही.

साठवलेली व्हॅल्यू असतानाही दुसरीच दाखवायची असेल तिथे जुना फिल्टर ठेवला आहे. फक्त इज_ॲडमिन (आपण ॲडमिन भागात आहोत का ते सांगणारं फंक्शन) तपासून सेव्हची अडचण टळेल असं समजू नका: ब्लॉक एडिटर रेस्ट एपीआय या वेगळ्या वाटेने सेव्ह करतो, आणि तिथे इज_ॲडमिन फॉल्स असतं. न लिहिलेले पत्ते रिव्हिजनमध्येही (पोस्टच्या जुन्या प्रतींमध्येही) सापडणार नाहीत. आम्ही ते संपादकांना विचारून पुन्हा भरतोय.