‘सिम मोफत’च्या छत्रीखाली गेलेले ३०१ रुपये

आकडा आधीच सांगते. गेले ३०१ रुपये, आणि ते कुठे गेले याचा हिशोब मागितला म्हणून आणखी ५०. “एवढ्याशा पैशांसाठी एवढं कशाला लिहायचं?” असं घरातही दोघांनी ऐकवलं. लिहायचं, कारण हे पैसे माझ्या बहात्तर वर्षांच्या वडिलांच्या कीपॅड फोनमधून गेले, आणि मोबाइल कंपनीचं सिम विकणाऱ्या त्या छत्रीखाली रोज त्यांच्याच वयाची माणसं बसलेली असतात.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात. अण्णांच्या जुन्या कंपनीची रेंज मळ्यात येत नव्हती. त्यामुळे नंबर पोर्ट करायचं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचं, आमचं ठरलेलंच होतं. तालुक्याला एसटी स्टँडसमोर कंपनीची छत्री लागलेली, खाली टेबल आणि पाटी: नंबर तोच, सिम मोफत, ५०० रुपयांत ८४ दिवस अनलिमिटेड कॉल.

हे मी पुण्याहून फोनवर ऐकलं आणि “घ्या” म्हणाले. मला भोळी म्हणणाऱ्यांनी जरा दरपत्रक काढून बघावं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, नियम बदलला. ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचं पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक झालं. तसली ८४ दिवसांची पॅकं साडेचारशे-पावणेपाचशेच्या घरात खरोखर मिळतात. म्हणजे ५०० ही काही स्वप्नातली ऑफर नव्हती. दुकानदाराचे पंचवीस-तीस रुपये सुटत असतील असं कुणीही धरून चाललं असतं. खोटं बोलणारा माणूस खऱ्याच्या इतका जवळचा आकडा सांगतो, तेव्हा संशय यायचा कशाचा?

छत्रीवरच्या पोराने अण्णांच्या फोनवरून पोर्टिंगसाठी १९०० ला मेसेज केला, आधार घेतलं, अंगठा घेतला, फोटो काढला, ५०० रुपये रोख घेतले. पावती नाही. “सिम सुरू झालं की या काका, रिचार्ज मारून देतो.” नवीन सिमला रेंज आल्यावर अण्णा पुन्हा गेले. त्याने फोन हातात घेतला, बराच वेळ बटणं दाबली आणि “झालं काका” म्हणून परत दिला.

त्या संध्याकाळी अण्णांचा फोन आला. आवाजात समाधान होतं. “चांगला पोरगा हाय गं. पॅक तर मारलंच, वर शंभरचा ब्यालन्स बी टाकून दिला.”

हेच ते वाक्य. तिथेच माझे कान उभे राहायला हवे होते. कॉल अनलिमिटेड असलेल्या माणसाला शंभरचा बॅलन्स कशाला? अण्णा इंटरनेट वापरत नाहीत, परदेशात फोन करत नाहीत, एसएमएस पाठवत नाहीत. मुख्य बॅलन्स लागतो तो नेमका पॅकमध्ये न बसणाऱ्या गोष्टींसाठी, आणि अण्णांच्या आयुष्यात अशी एकही गोष्ट नाही. मग तो शंभर रुपये टाकतो कशासाठी? कापून घ्यायला काहीतरी शिल्लक असावं म्हणून! खिसाच नसेल तर खिसेकापू काय कापणार? मी बँकेत नोकरी करते. खात्यावर विनाकारण आलेली जमा दिसली की पहिला प्रश्न मी विचारते. पण बापाचा आवाज इतका खूश होता की मी “बरं झालं” म्हणून जेवायला बसले. त्या “बरं झालं”ची चीड अजून जात नाही.

आता ५०० रुपयांचं खरं काय झालं ते बघा. ८४ दिवसांचं पॅक मारलंच नव्हतं. मारलं होतं १९९ चं, २८ दिवसांचं. १०० चा टॉपअप. उरलेले २०१ त्या पोराच्या खिशात. नंतर विचारलं तेव्हा म्हणे “सिमचा चार्ज, पोर्टिंगचा चार्ज, केवायसीचा चार्ज.” पोर्टिंगचा ठरलेला आकार ६ रुपये ४६ पैसे आहे आणि तोही नवी कंपनी बहुतेक वेळा मागत नाही. केवायसीचे, म्हणजे ओळख पडताळणीचे, पैसे ग्राहकाने द्यायचे असतात हे मी तरी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

त्या १०० चेही हातात येतात ८१ रुपये ७५ पैसे. १०० च्या आतच धरलेला १८ टक्के जीएसटी (१५ रुपये २५ पैसे) आणि वर ३ रुपये प्रक्रिया शुल्क. हे कायदेशीर आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण टॉपअप मारणाऱ्या किती लोकांना हे कुणी सांगितलेलं असतं? पुढचं मात्र कायदेशीर नव्हतं. त्याच दिवशी कॉलर ट्यूनचे ३६ रुपये कापले गेले. दुसऱ्या दिवसापासून कसल्याशा भक्तिसंदेशांचे रोज ५ रुपये. नऊ दिवसांत ४५. उरले ७५ पैसे. कापल्याचे मेसेज येत होते, सगळे इंग्रजीत. अण्णा चौथी शिकलेत. मेसेज आला की फोन वाजतो, ते बटण दाबून आवाज बंद करतात. त्यांनी वाचायला हवं होतं असं जो म्हणेल त्याने आधी कंपनीला मराठीत लिहायला सांगावं.

हे सगळं कळलं कधी, तर २८ दिवस संपून आउटगोइंग बंद पडल्यावर. रात्री आईचं बीपी वाढलं आणि अण्णांना मला फोनच लावता येईना. शेजारच्या काकूंच्या मोबाइलवरून त्यांनी मला कळवलं. आई ठीक आहे. पण ८४ दिवसांचे पैसे देऊन त्या रात्री माझ्या बापाला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागलं.

मी ग्राहक सेवेच्या १२१ ला फोन लावायला सांगितलं. काही कंपन्यांत १२१ वर माणसाशी बोलायला ३ मिनिटांना ५० पैसे पडतात. पडले. ७५ मधले २५ पैसे राहिले. तक्रारीसाठी १९८ लावायचा, तो फुकट असतो. हे त्यांच्या जाहिरातीत कधी मोठ्या अक्षरात दिसलंय का तुम्हाला?

पुढचा सगळा प्रवास १९८ वरच्या एकाच वाक्याभोवती फिरला: “मॅडम, आपल्या नंबरवरून दोन वेळा संमती आलेली आहे.” ट्रायने २०१३ मध्येच दुहेरी संमतीचा नियम केला. एखादी सेवा सुरू करायची तर ग्राहकाची एकदा हो, आणि मग वेगळ्या मार्गाने पुन्हा एकदा हो. ग्राहकाच्या संरक्षणासाठी केलेला नियम कंपनी ग्राहकाच्याच तोंडावर फेकते. फोन त्या पोराच्या हातात असताना दोन्ही “हो” कुणी दाबले असतील हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मी विचारलं, कोणत्या वेळेला, कोणत्या मार्गाने संमती नोंदली गेली ते दाखवा. पॅक मारल्याच्या पुढच्या पाच मिनिटांत ती नोंदली गेली असेल, तर फोन कुणाच्या हातात होता ते उघड आहे. उत्तर नाही. तक्रार क्रमांक मिळाला, आणि थोड्या वेळाने “आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे” असा मेसेज. तोही इंग्रजीत.

सविस्तर हिशोब मागितला. प्रीपेड ग्राहकाला मागच्या सहा महिन्यांतल्या वापराचा तपशील मागता येतो, त्यासाठी ५० रुपयांपर्यंत आकारायची कंपनीला मुभा आहे. त्यांनी पूर्ण ५० घेतले. आपलेच कापलेले पैसे बघायला पैसे द्यायचे, पण द्या, कारण त्या कागदाशिवाय पुढे कुणी उभं करत नाही.

कंपनीच्या दालनात एसीत बसलेला मुलगा म्हणाला, छत्रीवाला आमचा माणूस नाही, डिस्ट्रिब्युटरचा आहे. डिस्ट्रिब्युटर म्हणाला, तो पोरगा आता काम सोडून गेला. हे सरळ तोंडावर मारलेलं खोटं उत्तर आहे. सिम विकणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याची नोंदणी डिसेंबर २०२३ पासून सक्तीची आहे. विक्रेत्याच्या ज्या कोडवरून सिम सुरू झालं तो ग्राहकाच्या अर्जावर असतो. तो कोड कंपनीकडे आहे, मला सांगायचा नाही एवढंच.

पोलिस ठाण्यात हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ताई, एकूण किती?” आकडा ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. लाखांच्या सायबर तक्रारी पडून आहेत म्हणाले. पडून आहेत हे खरंच असेल. पण एका छत्रीखाली दिवसाला दहा म्हातारी माणसं धरली तर महिन्याचा आकडा लाखाच्या जवळच जातो, तो कुणी मांडायचा? एका सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी ती त्याच कंपनीकडे पाठवली, कंपनीने तेच संमतीचं वाक्य चिकटवलं आणि तक्रार बंद. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच उत्तरावर ती बंद करायची असेल तर मधल्या खिडकीची गरज काय? आणि नियामक म्हणून ट्राय आहे असं आपण समजतो, पण वैयक्तिक तक्रारी सोडवण्याचा अधिकार कायद्याने तिला दिलेलाच नाही. नियम ती करते. तो आपल्यापुरता मोडला की आपण एकटे.

अपील करता येतं हे बहुतेकांना माहीत नसतं. १९८ च्या उत्तराने समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं, फी नाही, ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. मी केलं. निकाल असा: “सदिच्छा म्हणून” ३६ रुपये परत. रोख नाही, खात्यावर नाही, मुख्य बॅलन्समध्ये! पुन्हा तिथेच, जिथून कापले होते. आणि नंबर दुसरीकडे नेला की तो बॅलन्स बुडतो. पोर्ट होऊन ९० दिवस झाल्याशिवाय पुन्हा पोर्ट करता येत नाही, म्हणजे तोवर त्यांच्याच दारात.

तुमच्या घरी कीपॅड फोनवाली माणसं असतील तर आज रात्री फोन करून मुख्य बॅलन्स विचारा. अनलिमिटेड पॅक असेल तर तो शून्यच असू द्या. अपवाद एकच: जे सिम नुसतं पडून आहे त्यात २० रुपये ठेवा. ९० दिवस वापर नसला तरी त्यातून २० कापून नंबर आणखी ३० दिवस टिकतो.

नको असलेली सेवा दिसली की ती बंद करायला १५५२२३ लावा. सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत कळवलं तर पैसे परत द्यायची जबाबदारी कंपनीची आहे. नंतर कळवलं की “चौकशी” सुरू होते, तिचं काय होतं ते वर लिहिलंय. कुणाला फोन लावल्यावर गाणं वाजताना “ही धून घेण्यासाठी स्टार दाबा” ऐकू आलं तर बोट लांब ठेवा. घरातल्या पोरांनाही सांगा.

रिचार्ज झाल्यावर दुकानातून हलायच्या आधी मेसेजमधली रक्कम आणि दिवस दुकानदाराकडूनच मोठ्याने वाचून घ्या. फोन त्याच्या हातात सोडू नका. २८ दिवसांच्या पॅकने वर्षाला तेरा रिचार्ज होतात. ३० दिवसांचं किंवा त्याच तारखेला येणारं पॅक प्रत्येक कंपनीला ठेवावंच लागतं, मागितल्याशिवाय कुणी दाखवत नाही. फक्त कॉलचं पॅकही असंच अ‍ॅपमध्ये तळाशी असतं. अ‍ॅपवरून मारताना १ ते ३ रुपयांचा जादा आकार शेवटच्या पानावर उगवतो, कंपनीच्या स्वतःच्या साइटवर बहुतेक वेळा नसतो.

आणि ज्याने आधार आणि अंगठा घेतला, त्याने आणखी काय केलं असेल ते तपासा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावरचे सगळे नंबर दिसतात. अण्णांच्या नावावर एकच निघाला, पण तो आकडा पडद्यावर येईपर्यंत माझ्या पोटात गोळा होता.

मी थांबलेली नाही. मोबाइल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही असं मला दोन वकिलांनी सांगितलं. ते चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्येच जाता येतं असा निकाल दिलाय. सेवेसाठी मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी नाही, मुदत दोन वर्षांची, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येतो. माझा अर्ज तयार आहे. त्यात पैशांच्या आधी दोन गोष्टी मागितल्यात: संमतीची वेळ आणि विक्रेत्याचा कोड. अण्णांच्या फोनमधले सगळे मेसेज तारखेसकट उतरवून ठेवलेत. तुमच्या आईवडिलांच्या फोनमध्ये असे मेसेज असतील तर पुसू नका, आणि छत्रीवाल्याशी भांडायला जायच्या आधी त्यांचे फोटो काढून ठेवा.