आत्मकरुणेचा आठ आठवड्यांचा कोर्स: नऊ महिन्यांनंतर

अकरा वर्षं मी व्हीलचेअरवर आहे. मणक्याला मार लागून नव्यानं खुर्चीत आलेल्यांच्या घरी जातो. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, खुर्चीतली हवेची गादी, यूडीआयडी कार्ड म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, घराचा उंबरा, सगळ्यावर बोलतो. याला पीअर मेंटर म्हणतात. सोलापुरात अशोक चौक, अक्कलकोट रोड भागात मी जातो अशी बरीच घरं आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये मेंटरांसाठीचा हा कोर्स ऑनलाइन केला. क्रिस्टिन नेफ आणि ख्रिस्तोफर जर्मर या मानसशास्त्रज्ञांच्या कार्यक्रमावर बेतलेला, पण मराठीतून.

पहिल्याच दिवशी 'करुणा' शब्दाशी अडलो. आयुष्यभर 'अरेरे, बिचारा' ऐकलंय, आता तेच स्वतःला म्हणायचं? शिकवणाऱ्या ताईंनी नीट उलगडून सांगितलं. कीव म्हणते, माझ्याच वाट्याला का? करुणा म्हणते, माणसांच्या वाट्याला असं येतं, माझ्याही आलं. हे मला फार उपयोगी पडलं, आता घरोघरी मी तेच सांगतो.

तक्रार एकच, पण मोठी. अंगभर लक्ष फिरवायचा सराव पायाच्या बोटांपासून सुरू व्हायचा. ज्याला छातीखाली काही जाणवत नाही त्यानं काय करायचं? छातीवर हात ठेवा म्हणायचे, तेव्हा मानेला मार लागलेल्या आमच्या एका सोबत्याचा हात उचलतच नव्हता. आम्ही बोललो तेव्हा त्यांनी सुरुवात चेहऱ्यापासून केली, हाताच्या स्पर्शाऐवजी उशीला टेकलेल्या गालाचा स्पर्श धरला. अपंग मेंटरांसाठीच्या कोर्समध्ये हे आधीच असायला हवं होतं. आणखी एक: स्वतःशी मायेनं बोलायला लागलं की जुनं दुःख उसळून येतं. ते सांगतात हे, तरी चौथ्या आठवड्यात मला दोन रात्री झोप नव्हती. अपघातानंतरच्या पहिल्या वर्षात मला हे झेपलं नसतं.

खरा उपयोग कळला मे महिन्यात. पत्र्याचं घर, शेजारी यंत्रमागाची खडखड, आई विड्या वळत बसलेली. पोरगा बावीस वर्षांचा. माकडहाडावर एकाच जागी बसून दाबानं झालेली रुपयाएवढी जखम, कडा काळ्या पडलेल्या. दोन आठवड्यांपूर्वीच मी येऊन गेलो होतो. हातावर जोर देऊन दर थोड्या वेळानं अंग उचलायचं हे सांगितलं होतं, पण करून घेतलं नव्हतं. गादीतली हवाही दाबून बघितली नव्हती. आई एवढंच म्हणाली, "तुम्ही येत होता की, अण्णा."

त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं. रात्री मात्र डोक्यात एकच: अकरा वर्षं खुर्चीत बसून एवढं कळत नाही? पूर्वी अशाच एका चुकीनंतर मी त्या घरी जाणंच सोडलं होतं. फोनही उचलायचो नाही. त्याची सल अजून आहे.

या वेळी वही काढली आणि दुसऱ्या मेंटरला लिहावं तसं स्वतःला पत्र लिहिलं. 'गादी बघायला हवी होती, ती तू बघितली नाहीस. उन्हाळा, घाम, एकाच दिवशी चार घरं, हेही खरं आहे. उद्या जा.' चूक झाकली नाही, पण छातीवरचा दगड हलला.

सकाळी आरसा घेऊन गेलो. स्वतःची पाठ आरशात कशी बघायची ते त्याला दाखवलं, आईलाही. जखम भरायला साडेतीन महिने लागले. आता मी दारात पोचलो की तोच आधी गादी दाबून दाखवतो.