बेअरिंग-गिअरची फटीग लाइफ: सूत्र, आयएसओ की डॅमेज मॉडेल?

भांडुपला आमच्याकडे गिअरबॉक्स रिपेअरला येतात, आणि अधूनमधून कोणीतरी एम.टेक.चा मुलगा नाहीतर नवीन डिझाइनवाला पण येतो, प्रश्न ठरलेला, फटीग लाइफ (वारंवार लोड येऊन तडा-पोपडा जाईपर्यंतचं आयुष्य) काढायला कॅटलॉगचं सूत्र पुरेल का एफईएममध्ये (भागाचे बारीक तुकडे, म्हणजे मेश, करून कॉम्प्युटरवर स्ट्रेस काढायची पद्धत) डॅमेज मॉडेल लावू? माझं मत आधीच सांगून टाकतो. बेअरिंग निवडायचंय तर सूत्र. चालू मशीनबद्दल बोलायचंय तर आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाची सुधारित पद्धत. तडा नेमका तिथेच का पडला हे शोधायचंय तरच डॅमेज मॉडेल.

सूत्र लुंडबर्ग आणि पामग्रेनचं, १९४७ चं. सी (कॅटलॉगमधली बेअरिंगची लोड क्षमता) भागिले पी (प्रत्यक्ष लोड), बॉल बेअरिंगला त्याचा घन, रोलरला १०/३ घात, उत्तर दशलक्ष फेऱ्यांत. ६३०८ नंबरचं बॉल बेअरिंग घ्या, सी साधारण ४२ किलोन्यूटन, लोड ५ किलोन्यूटन, स्पीड १४५० आरपीएम, लाइफ येते ६८०० तासांच्या आसपास. लोड फक्त ६ झाला की तेच ३९४० तास! म्हणजे लोड २० टक्क्यांनी चुकला तर चाळीस टक्क्यांहून जास्त लाइफ गेली, मग मेश कितीही बारीक करा, काय उपयोग. आणि हा आकडा एल-टेन आहे, शंभरातली नव्वद बेअरिंग एवढं टिकतील असा, तुमचं एक बेअरिंग एवढंच टिकेल असा नाही, सारख्याच बेअरिंगांत निम्मी याच्या पाचपट पण चालतात. लोक अजून एका ठिकाणी हमखास चुकतात, गिअरबॉक्समध्ये चार बॉल बेअरिंग, प्रत्येकाची लाइफ २०,००० तास, म्हणून बॉक्सची पण २०,००० धरतात. वायबुल स्लोप (आयुष्य किती विखुरलेलं आहे ते सांगणारा आकडा) १०/९ धरून चौघांची मिळून एल-टेन काढली तर साधारण ५७०० येते.

आयएसओ २८१ ची सुधारित पद्धत याच सूत्राला एका फॅक्टरने गुणते, त्यात ऑइलची जाडी पुरेशी आहे का (‘कप्पा’ नावाचं व्हिस्कॉसिटीचं गुणोत्तर), घाण किती आणि मटेरियलची फटीग लिमिट हे सगळं येतं. रोजच्या कामाला मला हीच आवडते, एक्सेलमध्ये अर्ध्या दिवसात होते. पण मुंबईत राहून एक गोष्ट विसरायची नाही, त्यातला घाणीचा फॅक्टर घन कणांसाठी आहे, पाण्याचा हिशोब त्यात नाही. पावसाळ्यात एका कन्व्हेयरचा गिअरबॉक्स उघडला होता, ऑइल दुधाळ चहासारखं, आतल्या रेसवर (बॉल-रोलर ज्यावर फिरतात ती रिंग) तुरीच्या डाळीएवढा पोपडा निघालेला, नखाला कडा लागत होती. कागदावर त्या बेअरिंगची लाइफ भरपूर होती. श्वास घ्यायला ठेवलेल्या ब्रीदरमधून दमट हवा आत जात राहिली, कुठल्याच फॅक्टरमध्ये ते नव्हतं.

गिअरचं वेगळं आहे, कारण दात दोन तऱ्हेने जातो. मुळाशी वाकून तुटतो, नाहीतर अंगावर पिटिंग (बारीक खड्डे) येतं, बहुतेकदा पिच लाइनच्या (दाताच्या उंचीच्या साधारण मधली रेघ) जरा खाली. टॉर्क दुप्पट झाला की मुळाचा स्ट्रेस दुप्पट, पण अंगावरचा काँटॅक्ट स्ट्रेस १.४१ पटच, म्हणून दोन्ही वेगळे तपासावेच लागतात. आयएसओ ६३३६ भाग २ पिटिंगला, भाग ३ वाकण्याला, आणि लोड बदलता असेल तर भाग ६, म्हणजे माइनरचा नियम, प्रत्येक लोडने किती टक्के आयुष्य खाल्लं त्याची बेरीज.

आता डॅमेज मॉडेल. स्टीलचे कण व्होरोनॉय मेशने (अनियमित बहुकोनी तुकड्यांनी) काढायचे, प्रत्येक एलिमेंटला डी हा आकडा द्यायचा, शून्य म्हणजे धडधाकट, एक म्हणजे मेला, आणि उलटसुलट होणाऱ्या शिअर स्ट्रेसने डी वाढत जाईल तसा एलिमेंटचा ताठपणा कमी करत न्यायचा. करोडो फेऱ्या एकेक चालवणं अशक्य, म्हणून फेऱ्यांची उडी मारत पुढे जातात. रेसच्या पृष्ठभागाखाली तडा कसा सुरू होतो आणि वर कसा येतो हे यात डोळ्यांनी दिसतं, तेही इन्क्लूजन (स्टीलमध्ये अडकलेले परके कण), तयार करताना आत उरलेले स्ट्रेस, केस हार्डनिंगची (वरचा थर कडक करण्याची) खोली हे सगळं धरून, जे सूत्र कधीच दाखवणार नाही. पण ईएन-३१ या बेअरिंग स्टीलचा टॉर्शन (पिळण्याच्या) फटीगचा डेटा हातात नसेल तर डी वाढण्याचे स्थिरांक तुम्ही मनानेच भरणार, आणि मग रंगीत चित्राला किंमत नाही. शिवाय एक रन म्हणजे एकच बेअरिंग, विखुरलेपणा हवा असेल तर कणांची मांडणी बदलून वीस-तीस रन लागतात, साध्या लॅपटॉपवर आठवडे जातात.

एम.टेक. असेल, हातात सात-आठ महिने असतील आणि टेस्टचा डेटा गाइडकडे असेल तर खुशाल करा, २डी लाइन काँटॅक्टपासून सुरुवात करा आणि आधी हर्ट्झच्या (काँटॅक्ट स्ट्रेसच्या सूत्राच्या) उत्तराशी जुळवून घ्या, कमाल शिअर स्ट्रेस काँटॅक्ट पट्ट्याच्या अर्ध्या रुंदीच्या ०.७८ पट खोलीवर यायलाच हवा. कंपनीत असाल आणि सोमवारी उत्तर द्यायचं असेल तर आधी मोटरला क्लॅम्प मीटर लावून भरलेल्या आणि रिकाम्या कन्व्हेयरवरचा करंट लिहून आणा, टॉर्कचा अंदाज तिथून घ्या, मग एक्सेल उघडा.