टॉमकॅटपुढे एन्जिनएक्स: भरवशाचा, पण स्लॅश जपा

टॉमकॅट (जावा ॲप चालवणारा सर्व्हर) ८०८० पोर्टवर ठेवून पुढे एन्जिनएक्स (ब्राउझरच्या विनंत्या आधी घेऊन मागे पाठवणारा वेब सर्व्हर) लावायला, विनंती कुठे पाठवायची ते सांगणारी ‘प्रॉक्सी_पास’ची एक ओळ पुरते. घोळ होतो तो शेवटच्या स्लॅशमुळे. एन्जिनएक्सच्या सेटिंगमध्ये ‘लोकेशन /ॲप/’ लिहून ‘प्रॉक्सी_पास’ला पत्ता ‘१२७.०.०.१:८०८०/’ असा दिला, तर ‘/ॲप/लॉगिन’ टॉमकॅटला नुसतं ‘/लॉगिन’ म्हणून पोचतं. स्लॅश काढला की पूर्ण मार्ग जसाच्या तसा जातो. अचानक ४०४ (पान सापडत नाही) दिसू लागला तर आधी हेच बघा.

ब्राउझरने पाठवलेला होस्ट हेडरही (कोणती साइट मागितली ते सांगणारी ओळ) आपोआप पुढे जात नाही. तो ‘प्रॉक्सी_सेट_हेडर’ने द्यावाच लागतो, नाहीतर ॲप भलत्याच पत्त्याच्या लिंका बनवतं.

५०२ ही त्रुटी म्हणजे बहुधा टॉमकॅट बंद किंवा पोर्ट चुकलेला. ५०४ म्हणजे ६० सेकंद वाट पाहूनही उत्तर नाही. तेव्हा टाइमआउट वाढवण्याआधी डेटाबेसमधली रेंगाळणारी क्वेरी शोधा. १ एमबीवरच्या अपलोडला ४१३ (मजकूर फार मोठा) येतो, तिथे ‘क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइज’ वाढवा.

सेटिंग ‘एन्जिनएक्स -टी’ या आज्ञेने तपासून रिलोड केलं की चालू विनंत्या तुटत नाहीत, हे फार मोलाचं. खटकतं एवढंच: मागच्या सर्व्हरांची तब्येत स्वतःहून तपासत राहण्याची सोय फक्त पैसे मोजून मिळते. फुकट आवृत्तीत, मागे एकाहून अधिक सर्व्हर असतील तर, एखाद्याकडे गेलेली विनंती फसल्यावरच तो सर्व्हर १० सेकंद बाजूला पडतो.